नोनाबाईचे तीन मग

बोरमळा, ता. कवठे महांकाळ
२ मार्च १९७६

निजाम गड्या,

रामराम. हे मुद्दाम आंतरदेशीय पत्रावर लिहितोय. साधं कार्ड टाकलं तर आमचा पोस्टमन आधी स्वतः वाचतो, मग पारावर वाचून दाखवतो आणि सगळ्यांत शेवटी मला देतो. आणि आजची गोष्ट फौजदाराच्या कानावर जाऊन चालणार नाही.

तुला ठाऊकच आहे, बहात्तरच्या दुष्काळात विहीर खणली आणि तिला देवानं पाणी दिलं. त्या पाण्यावर तीन वर्षांमागं तासगावच्या एका मित्राकडून काड्या आणून द्राक्षं लावली. बाजारात जातात ती हिरवी, बिनबियांची. पण बांधाकडेला मी पाच वेली काळ्या, बियांच्या लावल्या. लोक विचारतात, ही आंबट काळी कशाला? मी म्हणतो, पाखरांना. खरं कारण तुला एकट्यालाच कळेल.

नोनाबाईचं खोरं आठवतं का? इटलीतली लढाई, सप्टेंबर चव्वेचाळीस. आपली खेचरांची तुकडी तिच्या गोठ्यात उतरली होती. तू, मी आणि कडेगावचा अर्जुना. समोरच्या उतारावर वेलीच वेली, आणि गावातली सगळी माणसं टोपल्या घेऊन द्राक्षं तोडतायत. लढाई दोन डोंगरांपलीकडं, पण यांची सुगी थांबली नव्हती. म्हातारी दुपारी जेवायला बोलवायची आणि आपले पलटणीचे तीन मग मांडून त्यांत वीनो, ती तिकडची द्राक्षाची दारू, ओतायची. तिघांना काठोकाठ. मग कमरेवर हात ठेवून उभी राहायची, संपेपर्यंत हलायची नाही. अर्जुना म्हणाला होता, "लढाई सरली की सुगीला परत यायचं गड्यांनो, तिघांनी." आपण हातावर हात मारले होते.

आता तिथं कुठलं जाणं? पासपोर्ट काढायला गेलो तर कारकून विचारेल, इटलीत काय काम, तर काय सांगू, म्हातारीकडं जेवायला जायचंय? म्हणून मी ठरवलं, आपल्याला खोऱ्यात जाता येत नाही तर खोरंच इकडं आणू. गेल्या आठवड्यात काळी द्राक्षं उतरवली आणि लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्यांत घातली. पायानं तुडवणार होतो, तिकडच्यासारखी. पण विजयमालेनं उंबऱ्यातच अडवलं. "आवं, खायाच्या जिनसाला पाय लावत्यात व्हय? लक्षुमी हाय ती." मग तीन वेळा साबणानं हात धुऊन हातानं कुस्करली. घरात त्याला 'काढा' म्हणायचं ठरलंय. तूही पत्रात तसंच लिही.

दसऱ्यापर्यंत तयार व्हावी. तू यायचंस आणि चाखायचीस. त्या वीनोची चव ठाऊक असलेला या दोन जिल्ह्यांत तुझ्याशिवाय दुसरा माणूस नाही.

सलिमाभाभींना नमस्कार.

तुझा
आकाराम

सातारा
१९ मार्च १९७६

आकाराम,

सलाम. पत्र दुकानात बसून वाचलं. गिऱ्हाईक हिना अत्तर मागत होतं आणि मी त्याला खस दिला. तीस वर्षांत अशी चूक मी केली नव्हती.

काय दिवसांची आठवण काढलीस तू. तुला ते तीन मग आठवले. मला ते स्वयंपाकघर आठवतं. आमची अत्तर विकणाऱ्या आताराची जात, आम्ही गाव डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त पाहतो. दार उघडलं की आधी ओल्या लाकडाचा धूर, मग टांगलेल्या लसणाचा, आणि त्याच्या मागून हळूच पिंपांचा वास यायचा. फुटलेली जांभळं ओल्या गोणपाटात बांधून ठेवावीत तसा. शेवटी एक तुरट धागा राहायचा, नव्या चामड्याचा. तो अजून माझ्या नाकात आहे. कधी पावसाळ्यात पाऊस उघडला आणि समोरच्या चांभारानं दुकान उघडलं की मी क्षणभर तिथं असतो.

ती 'नोनाबाई' म्हणजे तिचं नाव नव्हेच, तिकडं आजीला नोना म्हणतात, हे आपल्याला तिच्या नातवानं निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. म्हणजे आपण महिनाभर तिला नकळत 'आजीबाई, आजीबाई' म्हणत होतो आणि ती खूश होत होती. अर्जुना किती हसला होता.

येण्याचं म्हणशील तर दसऱ्याला अजून खूप अवकाश आहे. उरुसांचे दिवस आले, दुकान सोडता येत नाही. आणि गुडघाही कुरकुरतो. बघू. लोणच्याच्या बरण्या मात्र गरम पाण्यानं आणि राखेनं घासल्यास ना? मोहरीचा वास फार चिवट असतो. काढ्याला लागला तर जात नाही.

विजयमालावहिनींना सलाम सांग. त्यांनी पाय लावू दिला नाही ते बरं केलं. तुझे पाय मी पाहिलेत.

निजाम

बोरमळा
११ जुलै १९७६

निजाम गड्या,

तुझं म्हणणं खरं ठरलं. एका बरणीला मोहरी लागली आणि ती सिरक्यासारखी आंबट होऊन गेली. विजयमालेनं ती कांद्यावर शिंपडून सुनांना वाढली. त्यांना आवडली, म्हणून ती बरणी वाया गेली म्हणता येत नाही. दुसरी चांगली आहे. झाकण काढलं की तू लिहिलेलं जांभूळ येतं. चामडं येतं का ते मला कळत नाही.

तुझ्या येण्याचा सगळा बेत मी करून ठेवलाय. साताऱ्याहून सकाळच्या गाडीनं मिरज. मिरजेत रात्र नको, लगेच छोटी गाडी पकड. ती इतकी हळू जाते की माणूस उतरून करडईची भाजी खुडतो आणि पुन्हा चढतो. कवठ्याच्या ठेसनावर मी बैलगाडी घेऊन उभा असेन. गाडीत दोन गोधड्या घालीन, तुझ्या गुडघ्याला हादरा बसायचा नाही. जेवण विजयमाला वेगळ्या भांड्यात करेल. कोंबडी तुमच्या माणसाकडूनच कापून आणू, गावात रमजान मुलाणी आहे. वेलींच्या मांडवाखाली बाज टाकू. पहिल्या दिवशी नुसतं बसायचं. दुसऱ्या दिवशी चाखायची.

आता तुला खरी गोष्ट सांगतो. ही मी घरातही कुणाला सांगितलेली नाही.

मी बरणीतला थेंबही चाखलेला नाही. अर्जुना गेला त्या दिवसापासून मी दारूला शिवलेलो नाही. पोरांच्या लग्नात नाही, पेन्शनरांच्या कँटीनची रम मिळते ती तशीच मेव्हण्याला देतो. त्या दुपारी नदीवरून पाणी आणायची पाळी माझी होती. सुगी संपली म्हणून म्हातारीनं कोपऱ्यातल्या जुन्या पिंपातली काढली होती. एक मग प्यालो मी, निजाम. एकच. आणि गोठ्यात जाऊन मेल्यासारखा झोपलो. अर्जुनानंही तेवढीच घेतली होती. तो ताठ उभा होता. माझ्या जागी तो खेचर घेऊन नदीवर गेला आणि वाटेत सुरुंग होता.

सुभेदारानं विचारलं, किती प्यालास? मी म्हणालो, एक मग. तो म्हणाला, "एका मगात मरगठ्ठा झोपतो? खोटं बोलतोस." माझ्या बाहीवरची फीत काढली. फितीचं काही नाही रे. पण तेव्हापासून मी हाच हिशेब मांडत बसलोय. एका मगात मी कसा पडलो? माझ्या अंगातच काही कमी होतं का? कडेगाव इथून चाळीसेक मैलांवर आहे. अर्जुनाची आई राहीबाई अजून आहे. मी तिच्या दारात एकदाही गेलेलो नाही. काय सांगू तिला?

म्हणून ही बरणी. तू चाखून सांगायचंस की ही तीच चव आहे, तेवढीच कडक. मग मी तुझ्यासमोर एक मग पिणार आणि बसून राहणार. झोप आली तर आली. पण कळेल तरी.

दसऱ्याला ये. नाही म्हणू नकोस.

आकाराम

सातारा
२० ऑगस्ट १९७६

आकाराम,

उत्तराला उशीर झाला. मध्यंतरी खोकला होता. आता रोजे लागतायत, मग ईद, त्यानंतर लगेच दुकानाचं छप्पर उतरवायचं आहे. दसऱ्याला जमेलसं वाटत नाही.

पण एक तोड काढली आहे. कवठ्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर एक कुपी पाठवतो. कोरी आहे, तिच्यात अत्तर कधी घातलेलं नाही. काढ्याचे दहा थेंब तिच्यात घालून बूच घट्ट लाव आणि त्याच्याच हाती परत दे. मी इथूनच सांगेन तीच आहे की नाही. त्यासाठी एवढा प्रवास कशाला?

वहिनींसाठी मोगरा पाठवला आहे, लहान बाटली. ती उघडी ठेवू नये.

निजाम

बोरमळा
८ ऑक्टोबर १९७६

निजाम,

या वेळी मुद्दाम कार्ड लिहितोय. वाचू दे पोस्टमनला. मी माणूस बोलावला, तू बाटली पाठवलीस. तीस वर्षांनी माझ्या पोटातली गोष्ट तुझ्यापुढं काढली, आणि तू छपराचं लिहिलंस. मला समजलं. तूही सुभेदारासारखाच मला दोषी धरतोस, फक्त तोंडावर म्हणत नाहीस. तुझी कुपी रिकामीच परत पाठवली आहे. दिवाळीच्या आत बरणी वेलींच्या मुळाशी ओतून टाकतो आणि विषय संपवतो.

आकाराम

सातारा
१३ ऑक्टोबर १९७६

आकाराम,

बरणी ओतू नकोस. हे पत्र पुरं वाच, मग काय करायचं ते कर.

मला त्या वीनोची चव ठाऊक नाही. मी ती कधीच प्यालो नाही.

आमच्यात दारू हराम, हे तुला सांगायला नको. पण पहिल्या दुपारी मी मग मागं सरकवला तेव्हा म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. तिला वाटलं, माझ्या घरचं याला चालत नाही. तिचा एक मुलगा लढाईत गेला होता. तिचं मन मोडवेना. आणि खरं सांगायचं तर तुम्हा दोघांतून वेगळं उठून बसणंही मला नको होतं. तिघांत एक असायचं होतं मला.

म्हातारी कुणाचाच मग काठोकाठ भरायची नाही. अर्धाच भरायची. काठोकाठ फक्त तुझाच असायचा. तू अन्नाला हात लावायच्या आधी डोळे मिटून जोतिबाचं नाव घ्यायचास, आठवतं? घरी शिकवलेलं तू लढाईतही सोडलं नाहीस. तेवढ्यात, पहाऱ्याला उभी राहण्याआधी, म्हातारी पाव आणायला चुलीकडं वळायची. मी अर्जुनाच्या पुढून हात घालून माझा मग तुझ्या मगात रिता करायचो. तू डोळे उघडायचास आणि म्हणायचास, म्हातारीचा हात सढळ आहे.

त्या दिवशीही तसंच केलं. जुन्या पिंपातली होती, कडक होती. मी वासावरून ओळखलं होतं ती कडक आहे. तरी ओतली. तू सुभेदाराला एक मग सांगितलास ते खरं होतं. पण त्या मगात दोघांचं होतं, आकाराम. तुझ्या अंगात काही कमी नव्हतं.

सुभेदार तुला विचारत होता तेव्हा मी चार हातांवर उभा होतो. बोललो नाही. बोललो असतो तर बापाच्या कानावर गेलं असतं की पोरगा दारूच्या मगापुढं बसतो, एवढीशी भीती. बाविशीत ती फार मोठी वाटली. नंतर परतीच्या बोटीवर सांगीन म्हटलं, मग देवळालीच्या छावणीत सांगीन म्हटलं, मग तुझ्या लग्नात. ज्या दिवशी तू लिहिलंस की चव ओळखायला ये, त्या दिवसापासून मला गुडघे, खोकला आणि छप्पर आठवू लागलं. तिथं येऊन मी "ही वेगळी आहे" म्हटलं असतं तरी सुटलो असतो. तसं खोटं बोलायचंही मनात येऊन गेलं, म्हणून कुपी पाठवली. समोर बसून तुझ्याशी खोटं बोलवलं नसतं.

आणखी एक आहे, ते तुझं आहे, तुला द्यायलाच हवं. अर्जुनाला सगळं ठाऊक होतं. त्याच्याच पुढून माझा हात जायचा. पहिल्या दिवशी त्यानं पाहिलं आणि गालातल्या गालात हसला, कुणाला बोलला नाही. त्या दुपारी मी तुला उठवायला निघालो तर त्यानं माझा दंड धरला. म्हणाला, "झोपू दे रं त्याला. त्याच्या पोटात दोगांचं हाय. पान्याला मी जातो." मी म्हणालो, मी जातो. तर म्हणाला, "तू त्या खेचराचा पाय बघ, ते लंगडतंय." आणि शीळ घालत गेला. चिडून गेला नाही तो. तू तीस वर्षं समजत असशील की तो तुला शिव्या देत गेला. तो हसत गेला.

मी दोषी आहे आणि मी लपवलं. आता तू लिहिलं नाहीस तरी मला बोलायला तोंड नाही.

निजाम

बोरमळा
२ डिसेंबर १९७६

निजामभावजी यांस,

मी विजयमाला. मी सांगते आणि थोरली सून लिहिते. मी सांगते तसंच लिही म्हणून तिला बजावलंय.

तुमचं पत्र आलं तवापास्नं मालक पारावर बी गेले न्हाईत. आठ दिस जेवले ते मान खाली घालून. मला वाटलं कुनी गेलं बिलं. मग एक दिस मांडवाखाली बसून मला समदं वाचून दावलं. मी इतकी वर्सं नांदले, पर ह्ये मला ठाव नव्हतं. मला वाटायचं, मानसाला दारू आवडत न्हाई, बरंच हाय.

भावजी, ते तुमच्यावर लय रागावलेत. मी खोटं सांगत न्हाई. पर बरनी वतली न्हाई. दिवाळीला उचलून वेलीजवळ नेली आनि परत आनून ठिवली. काल म्या इचारलं, आता काय करायचं तिचं? तर म्हनाले, "तो अर्जुना शीळ घालत गेला गं." एवढंच. पुन्यांदा तेच म्हनाले.

तुमचा मोगरा मी लावते. सलिमाभाभींना सांगा. तुमी अजून एक पत्र धाडू नका, थोडं थांबा.

विजयमाला

बोरमळा
२३ जानेवारी १९७७

निजाम,

तीन महिने तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. सगळ्या देऊन झाल्यावर लिहायला बसलोय, त्यामुळं या पत्रात एकही नाही.

तीस वर्षं मी माझ्या अंगाला दोष दिला. तू एका वाक्यात ते सोडवू शकला असतास आणि सोडवलं नाहीस. याचा राग आहे आणि थोडा राहीलच, म्हातारपणी सगळंच थोडं थोडं दुखतं. पण मी त्या दुपारचा पुन्हा पुन्हा विचार केला. तुझ्या हातून मगात पडली ती म्हातारीचं मन राखायला. अर्जुना गेला तो माझी झोप राखायला. आणि सुरुंग ठेवला तो तिसऱ्याच कुणीतरी, ज्याला आपण कोणीच माहीत नव्हतो. त्याचा सगळा भार मी एकट्यानं वाहत होतो आणि तू तुझ्या दुकानात बसून वेगळा वाहत होतास. दोघांनी मिळून वाहिला असता तर बरं झालं असतं, एवढंच आता वाटतं.

मागच्या सोमवारी मी कडेगावला जायला निघालो होतो. अर्ध्या वाटेवरून परत आलो. राहीबाईला तुझ्या तोंडून सांगायला हवं, कारण शीळ तू ऐकलीस. मी झोपलो होतो.

म्हणून आता नवा बेत. महिन्याभरात काळी द्राक्षं पुन्हा उतरतील. तू सुगीला यायचंस, अर्जुनानं म्हटलं होतं तसं. मिरजेहून छोटी गाडी, कवठ्याला बैलगाडी, गोधड्या दोन. गुडघा, खोकला आणि छप्पर तिघांनाही घरी ठेवून ये. ती कुपी मात्र आठवणीनं आण. तू बरणीत कापसाचा फाया बुडवायचास आणि तीच आहे का ते नाकानं सांगायचंस. चव ओळखणारा मी एकटाच उरलोय, वास ओळखणारा तू. दोघं मिळून एक माणूस होतो. ती तीच निघो न निघो, माझा हिशेब सुटला आहे.

तीन मग मी घासून ठेवलेत. अर्जुनाच्या मगातली कुपीत भरायची आणि राहीबाईला भेटून झालं की त्यांच्या शेताच्या बांधावर सोडायची. विजयमाला म्हणते, तुझ्यासाठी द्राक्षाचा ताजा रस वेगळा काढून ठेवू. तो तू पी. पण नोनाबाईच्या रिवाजाप्रमाणे तुझ्याही मगात अर्धी ओतणार आहे मी. तुझ्या वाटणीची मीच पिणार, जशी नेहमी प्यालो.

जेवणाआधी जोतिबाचं नाव घेईन. फक्त या खेपेला डोळे मिटणार नाही. माझ्यादेखत ओत.

तुझा
आकाराम